फ्लशिंग मेडोज : दोन जागतिक प्रदर्शनांच्या उरल्यासुरल्या खुणा

न्यूयॉर्कला जाणाऱ्या माणसाच्या यादीत क्वीन्स या विभागातल्या फ्लशिंग मेडोज कोरोना पार्कचे नाव सहसा नसते, आणि असलेच तर ते तिथे दरवर्षी होणाऱ्या यूएस ओपन टेनिस स्पर्धेमुळे असते. मॅनहॅटनहून सात क्रमांकाच्या रेल्वेने मेट्स-विलेट्स पॉइंट स्थानकावर उतरून पादचारी पुलावरून दक्षिणेकडे चालू लागले, की टेनिसची मैदाने मागे पडता पडता झाडांच्या वर एक भला मोठा पोलादी पृथ्वीगोल दिसू लागतो. १९३९-४० आणि १९६४-६५ अशी दोन जागतिक प्रदर्शने याच जमिनीवर भरली होती. त्यांचे आज जे काही उरले आहे ते पाहण्यासाठी मी एक संपूर्ण रविवार दिला आणि त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

आधीच सांगतो, की जागा पाहण्यासारखी असली तरी सरसकट सर्वांनी जावे असे मी म्हणणार नाही. जपून ठेवलेले, माहितीफलकांनी सजवलेले ऐतिहासिक स्थळ पाहण्याच्या अपेक्षेने जो जाईल त्याचा हिरमोड होईल, कारण हे सर्वप्रथम रोजच्या वापरातले एक शहरी उद्यान आहे आणि प्रदर्शनाच्या खुणा त्यात इतस्ततः पडलेल्या आहेत. मात्र थोडे वाचून जाणाऱ्याला, आणि दिवसभर पायपीट करण्याची तयारी असणाऱ्याला, इथे जे हाती लागते ते नीटनेटक्या संग्रहालयात मिळणार नाही. प्रदर्शनाच्या इमारती बहुतेक दोन हंगामांपुरत्याच बांधलेल्या असतात. त्यांतले काय राहिले आणि काय गेले हे आयोजकांनी कशाला किती महत्त्व दिले होते यावर फारसे ठरलेले नाही, असे मला इथे फिरताना वारंवार जाणवले. मांडव उठल्यावर ज्या वास्तूला दुसरे काही काम मिळाले ती राहिली, जिला मिळाले नाही ती पडली, आणि एक वास्तू अशी आहे की जिला ना धड काम मिळाले ना कोणी ती पाडली. ती वास्तू या भेटीचा गाभा आहे, पण तिच्याकडे नंतर येतो.

मुळात ही जमीन म्हणजे दलदल होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावर ब्रुकलिनच्या शेगड्यांमधली व भट्ट्यांमधली कोळशाची राख आणून टाकली जात असे, इतकी की तिचे डोंगर झाले होते. शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांना या उकिरड्याच्या जागी मोठे उद्यान हवे होते आणि त्यासाठी लागणारा पैसा जागतिक प्रदर्शनातून उभा राहील असा त्यांचा हिशेब होता. ३० एप्रिल १९३९ रोजी पहिले प्रदर्शन उघडले. ट्रायलॉन नावाचा टोकदार सुळका आणि १८० फूट व्यासाचा पेरिस्फिअर नावाचा पांढरा गोल ही त्याची खूण होती, आणि प्रदर्शन संपल्यावर त्या दोन्हींचे पोलाद युद्धसामग्रीसाठी भंगारात गेले. नफा झाला नाही, उद्यान अर्धवट राहिले. पाव शतकाने मोझेस यांनी त्याच जागी दुसरे प्रदर्शन भरवले आणि या वेळी त्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन संस्थेने मान्यता नाकारल्यामुळे युरोपातली अनेक मोठी राष्ट्रे अधिकृतपणे आली नाहीत आणि त्यांची जागा बड्या अमेरिकी कंपन्यांनी व नवस्वतंत्र देशांनी भरून काढली. भारताचेही दालन होते. दोन हंगामांत सुमारे पाच कोटी दहा लाख लोक येऊनही हिशेब पुन्हा तोट्याचाच निघाला. उद्यान मात्र १९६७ मध्ये एकदाचे शहराच्या ताब्यात आले.

ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तरच पहिली आणि सर्वांत मोठी खूण नजरेला पडते, कारण ती पायाखाली असते. उद्यानातले रुंद, सरळ, एका मध्यबिंदूकडून पंख्याच्या पात्यांसारखे पसरत जाणारे रस्ते हे १९३९ च्या आराखड्याचे आहेत. खर्च वाचावा म्हणून १९६४ मध्ये तोच आराखडा बव्हंशी जसाच्या तसा वापरण्यात आला. त्यामुळे आज या रस्त्यांवरून जाताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे वाट एवढी ऐसपैस, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, आणि वाटेच्या शेवटी काहीच नाही. लाखो माणसांच्या गर्दीसाठी आखलेल्या रस्त्याच्या टोकाला गवताचा एक चौकोन आणि त्यावर फुटबॉल खेळणारी मुले, असे दृश्य मी सकाळपासून चार-पाच वेळा पाहिले. त्या गवताच्या जागी कधीकाळी कोणते दालन होते हे जाणायचे असेल तर प्रदर्शनाचा जुना नकाशा सोबत हवाच. मी तो छापून नेला होता आणि दिवसभरात त्याचा जितका उपयोग झाला तितका कोणत्याच फलकाचा झाला नाही.

युनिस्फिअर हा तो पोलादी पृथ्वीगोल. तो जुन्या पेरिस्फिअरच्या पायावरच उभा केला आहे. व्यास १२० फूट, बैठकीसह उंची १४० फूट आणि वजन सुमारे सात लाख पौंड असे आकडे वाचून जे चित्र मनात उभे राहते ते प्रत्यक्षात फसवे ठरते, कारण गोल भरीव नसून अक्षांश-रेखांशांच्या वाकवलेल्या दांड्यांची ती एक जाळी आहे आणि तिच्यावर खंडांचे स्टेनलेस स्टीलचे पत्रे बसवले आहेत. समुद्र म्हणजे मोकळी हवा. हीच त्याची अभियांत्रिकी अडचणही होती. प्रशांत महासागराची बाजू जवळजवळ रिकामी, तर दुसऱ्या बाजूला आशिया, आफ्रिका, युरोप असा पत्र्यांचा सगळा भार, आणि वारा सुटला की हे पत्रे शिडासारखे वारा अडवणार. गोलाभोवतीची तीन कडी ही अंतराळयुगाच्या आरंभीच्या कक्षांची आठवण म्हणून आहेत.

या गोलाचे छायाचित्र घेऊन परत फिरणारे अनेक जण मी पाहिले. त्यांना माझे सांगणे एवढेच, की कारंज्याच्या कठड्याने त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. मी भारत शोधत चाललो होतो. एका ठिकाणी मला द्वीपकल्पाचे निमुळते टोक दिसले खरे, पण ते उलटे वाटत होते, पश्चिम किनारा उजवीकडे आणि पूर्व किनारा डावीकडे. मी समुद्राच्या मोकळ्या जागेतून पलीकडच्या खंडांची आतली बाजू पाहत होतो हे ध्यानात यायला मला क्षणभर लागला. अर्धी फेरी पुढे गेल्यावर तोच भारत सुलटा समोर आला. जवळून पाहिले की डोंगररांगा पत्र्यावर पत्रा चढवून थरांनी उठावदार केलेल्या दिसतात. नकाशात आपण पृथ्वीची आतली बाजू कधी पाहत नाही, इथे ती पाहायला मिळते, आणि एवढ्यासाठी तरी इथे अर्धा तास द्यावा. १९९५ मध्ये या गोलाला शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, आणि आज दिसणारी त्याची निगा त्या दर्जाला साजेशी आहे.

येथून थोड्याच अंतरावर ती वास्तू आहे जिच्याविषयी मी वर म्हटले. न्यूयॉर्क स्टेट पॅव्हिलियन हे वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचे काम. त्याचे तीन भाग आहेत. १०० फूट उंचीच्या सोळा काँक्रीटच्या खांबांवर तोललेला, ३५० फूट लांब आणि २५० फूट रुंद असा लंबवर्तुळाकार मंडप म्हणजे टेंट ऑफ टुमॉरो, ‘उद्याचा तंबू’. त्याला लागून वेगवेगळ्या उंचीचे तीन निरीक्षण मनोरे, ज्यांतला सर्वांत उंच २२६ फुटांचा आहे, आणि बाजूला एक गोल नाट्यगृह. मंडपावर तारांनी ताणलेले छप्पर होते आणि त्यात रंगीत, प्रकाश आत येऊ देणारे फायबरग्लासचे तक्ते बसवलेले होते, म्हणजे खाली चालणाऱ्या माणसांच्या अंगावर लाल-निळा-पिवळा उजेड पडत असणार. प्रदर्शनानंतर इथे काही काळ गाण्याचे कार्यक्रम झाले, मग १९७० च्या दशकात चाकांच्या बुटांवर घसरण्याची रिंग चालली. पुढे छताचे तक्ते धोकादायक ठरून उतरवण्यात आले आणि त्यानंतर कित्येक दशके ही वास्तू पावसात, उन्हात आणि बर्फात तशीच उघडी राहिली. २००९ मध्ये तिची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली, स्वयंसेवकांनी लोखंडाला रंग देण्याचे काम हाती घेतले आणि पुढे मनोऱ्यांच्या दुरुस्तीलाही सुरुवात झाली.

कुंपणाच्या बाहेर उभे राहून आत डोकावताना मला सर्वांत जास्त चुटपूट लागली ती जमिनीची. या मंडपाची फरशी म्हणजे न्यूयॉर्क राज्याचा एक अवाढव्य रस्त्यांचा नकाशा होता. तेलकंपन्या पेट्रोल पंपावर जे घडीचे नकाशे फुकट वाटत, तसल्याच एका नकाशावरून तो टेराझोच्या, म्हणजे दगडाची खडी घालून ओतलेल्या गुळगुळीत फरशीच्या, ५६७ तुकड्यांत घडवला होता, आणि गावे, महामार्ग यांच्याबरोबर त्या कंपनीचे पंपही त्यात दाखवले होते. प्रदर्शनाला आलेली माणसे वाकून आपापले गाव शोधत आणि त्यावर पाय ठेवून उभी राहत. छप्पर गेल्यावर त्या नकाशात पाणी मुरले, थंडीत ते गोठून फरशी फुटली, भेगांतून गवत वर आले. पुढे संवर्धनासाठी काही तुकडे काढून त्यांच्यावर काम करण्यात आले आणि उरलेली जमीन वाळू-खडीने झाकण्यात आली. म्हणजे आज कुंपणातून जे दिसते ते एक मोकळे मैदान आहे आणि नकाशा त्याच्या खाली आहे. काही जण त्यालाही भग्नावशेषाची शोभा म्हणतात. मला त्यात शोभा दिसली नाही. खांबांच्या त्या वर्तुळाकडे मान वर करून पाहताना मात्र, आणि वरच्या रिकाम्या कड्यातून ढग सरकताना दिसत असताना, मी बराच वेळ तिथून हललो नाही हेही खरे.

आत सहसा प्रवेश नसतो, केवळ खास प्रसंगी दरवाजे उघडतात. म्हणून पाहण्याचे दोन कोन सुचवतो. एक म्हणजे पूर्वेकडून सकाळच्या उन्हात, जेव्हा खांबांवरचा रंग आणि त्याखालचा गंज दोन्ही स्पष्ट दिसतात. दुसरा अंधार पडताना, कारण २०२३ पासून मनोऱ्यांवर नवी प्रकाशयोजना आहे आणि दिवसा एखाद्या सोडून दिलेल्या कारखान्यासारखे दिसणारे ते मनोरे त्या उजेडात एकदम उडत्या तबकड्यांचे खांब वाटू लागतात.

शेजारचे गोल नाट्यगृह मात्र चालू आहे. प्रदर्शनात तिथे चित्रपट दाखवत, आज तिथे क्वीन्स थिएटर आहे आणि त्यात नाटके होतात. याच्याच बाहेरच्या भिंतीवर चित्रकार अँडी वॉरहोल यांनी पोलिसांना हव्या असलेल्या तेरा गुन्हेगारांचे चेहरे लावले होते, त्याला हरकत घेण्यात आली आणि उद्घाटनापूर्वीच त्यावर चंदेरी रंग फासला गेला. त्या भिंतीवर आज त्याचा मागमूस नाही. काम मिळालेल्या इतर वास्तूंचा उल्लेख एका दमात करून पुढे जातो. हेलिकॉप्टर उतरण्यासाठी चार पायांवर उभारलेली जी उंच इमारत होती, जिच्या छतावर १९६५ मध्ये बीटल्स उतरले होते, तिथे आज लग्नाच्या मेजवान्या होतात. त्रिकोणी सांगाड्यांचा बनलेला एक जिओडेसिक घुमट उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचे घर झाला आहे. विज्ञान दालनाचे संग्रहालय झाले आहे. त्यातल्या ग्रेट हॉलच्या नागमोडी, सुमारे शंभर फूट उंच काँक्रीटच्या भिंतीत गर्द निळ्या काचेचे असंख्य तुकडे बसवले आहेत. आत उभे राहिले की पाण्याखाली असल्यासारखे वाटते, आणि बाहेर अंगणात अ‍ॅटलस व टायटन ही दोन रॉकेटे उभी आहेत. मुले बरोबर असतील तर अर्धा दिवस तिथेच जाईल, याची तयारी ठेवावी. मोठ्यांनी फक्त त्या सभागृहासाठी तिकीट काढावे का, याचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे.

क्वीन्स म्युझियमची इमारत बाहेरून पाहिली तर साधीच वाटते, पण या सबंध मैदानात तिच्याइतके काम कोणत्याच वास्तूने केलेले नाही. १९३९ मध्ये ती न्यूयॉर्क शहराचे दालन म्हणून बांधली गेली. युद्धानंतर १९४६ ते १९५० या काळात संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा इथे भरत असे. युनिसेफची स्थापना इथल्याच सभेत झाली आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावावरचे मतदानही याच छताखाली झाले. इमारतीच्या एका भागात पुढे कित्येक वर्षे बर्फावर स्केटिंग चालत असे, आणि आज त्या भागाचाही समावेश संग्रहालयात झालेला आहे. फाळणीचे मतदान आणि स्केटिंगची रिंग एका इमारतीच्या चरित्रात इतक्या सहजपणे बसावीत, याचे मला हसूही आले आणि थोडा अचंबाही वाटला.

आत गेल्यावर बाकी सगळे सोडून आधी शहराच्या प्रतिकृतीकडे जावे. पॅनोरामा ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क या नावाची ही प्रतिकृती मोझेस यांनी १९६४ च्या प्रदर्शनासाठी करवून घेतली. शंभराहून अधिक माणसे त्यासाठी तीन वर्षे राबली. क्षेत्रफळ ९,३३५ चौरस फूट, प्रमाण एका इंचाला शंभर फूट, आणि इमारतींची संख्या सुमारे ८,९५,०००. या प्रमाणात एम्पायर स्टेट बिल्डिंग सव्वा फुटाच्या आसपास भरते आणि उभा माणूस दीड मिलिमीटरही भरणार नाही. प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षकांना छोट्या डब्यांत बसवून कडेकडेने हेलिकॉप्टरमधून नेल्यासारखे फिरवत. आता भोवतीने चढत-उतरत जाणारी वाट आहे आणि तिच्यावरून चालताना काही ठिकाणी काचेखाली शहराची टोके पायाशी येतात.

मी इथे तासभर होतो. पहिली दहा मिनिटे नजर मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरच खिळून राहते, मग हळूहळू ती क्वीन्स आणि ब्रुकलिनकडे वळते, आणि तिथे या कामाची खरी चिकाटी दिसते. एकसारखी दुमजली घरे, गल्लीमागून गल्ली, मैलच्या मैल, आणि प्रत्येक घर वेगळे ठेवलेले. पूल पितळी आहेत. लाग्वार्डिया विमानतळावरून एक चिमुकले विमान तारेवरून वर चढते, थोडे अंतर जाते आणि दिसेनासे होते, मग पुन्हा तेच. शेजारी उभा असलेला एक लहान मुलगा दर खेपेला ते विमान सुटले की आईचा हात ओढत होता. थोड्या वेळाने दिवे मंद होतात, शहरावर रात्र होते आणि पुन्हा उजाडते. प्रतिकृतीची शेवटची सर्वांगीण दुरुस्ती १९९२ मध्ये झाली, त्यानंतर मोजकेच बदल केले गेले, त्यामुळे मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे इथे अजून उभे आहेत. त्यांच्यासमोर माणसे बोलायची थांबतात, हे मी तासाभरात अनेकदा पाहिले. संग्रहालयात प्रवेशासाठी देणगीची रक्कम सुचवलेली असते आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे अशी पद्धत आहे. या एका दालनासाठी सुचवलेली रक्कम पूर्ण द्यावी असे माझे मत आहे. दोन्ही प्रदर्शनांच्या आठवणवस्तूही इथे मांडलेल्या आहेत, पण त्या संग्राहकांना जास्त रुचतील.

बाकी खुणा शोधाव्या लागतात. व्हॅटिकनच्या दालनात मायकेलअँजेलोची पिएता ही शिल्पाकृती रोमहून जहाजाने आणून ठेवली होती आणि ती सरकत्या पट्ट्यावरून जाताजाता पाहावी लागत असे. त्या जागी आज दगडाचे एक अर्धवर्तुळाकार आसन आहे, आणि मी गेलो तेव्हा त्यावर दोन वृद्ध गृहस्थ डाव मांडून बसले होते. जॉर्डनने भेट दिलेला, तिथल्या जेराश या प्राचीन शहरातला रोमन स्तंभ एकाकी उभा आहे. प्रदर्शनाच्या आयुष्यापुढे त्याचे वय एवढे आहे की तो इथे पाहुणा म्हणूनच शोभतो. डोनाल्ड डी ल्यू यांचा ४३ फुटी ‘रॉकेट थ्रोअर’ हा कांस्यपुतळा मला आवडला नाही. त्यातला आवेश त्या काळच्या जाहिरातींतला वाटतो. कालकुपीचा दगड मात्र चुकवू नये. १९३८ मध्ये एक आणि १९६५ मध्ये दुसरी अशा दोन कालकुप्या इथे जमिनीत पुरल्या आहेत आणि त्या इसवी सन ६९३९ मध्ये उघडायच्या आहेत. पहिलीत रोजच्या वापरातल्या वस्तू, बियाणे आणि सूक्ष्मफितीवरचा मजकूर आहे, दुसरीत क्रेडिट कार्ड आणि बिकिनीसुद्धा आहे. वर दिसतो तो फक्त ग्रॅनाइटचा एक बुटका गोल दगड, आणि शेजारून सायकली जात असतात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. उद्यान सुमारे ८९७ एकरांचे आहे आणि महामार्गांनी त्याचे तुकडे पाडले आहेत, त्यामुळे नकाशात जवळ दिसणारी जागा प्रत्यक्षात पुलाचा वळसा घेऊनच गाठता येते. विज्ञान संग्रहालयाकडे जायचे असेल तर सात क्रमांकाच्याच रेल्वेने अलीकडच्या १११ स्ट्रीट स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. ज्यांना चालण्याचा त्रास होतो त्यांनी युनिस्फिअर, पॅव्हिलियन आणि क्वीन्स म्युझियम एवढेच ठरवावे, तिन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दक्षिणेकडचा मेडो लेक हा तलावही १९३९ च्या प्रदर्शनासाठीच खोदलेला आहे. तो सुंदर आहे, पण प्रदर्शनाच्या खुणांसाठी आलेल्याने वेळ उरला तरच तिकडे जावे. संग्रहालये आठवड्याचे सातही दिवस उघडी नसतात, म्हणून वार आधी पाहून घ्यावा. दिवस निवडता येत असेल तर रविवारच निवडा, कारण आसपासच्या वस्तीतली लॅटिन अमेरिकी कुटुंबे त्या दिवशी चुली, पाळणे, व्हॉलीबॉलच्या जाळ्या घेऊन इथे उतरतात, हातगाड्यांवर भाजलेली कणसे आणि कापलेली फळे मिळतात, आणि ते रिकामे वाटणारे रुंद रस्ते दुपारी चारच्या सुमारास बऱ्यापैकी भरून जातात. पॅव्हिलियनवरचे दिवे लागेपर्यंत थांबायचे असेल तर अंगावर काहीतरी गरम असू द्यावे, तळ्याच्या बाजूने वारा येतो.